नाव तेच, बिअर वेगळी

'ब्लॅक इंडिया पेल एल' या नावाची एक बिअर असते. 'पेल' म्हणजे फिकट, तेव्हा ही झाली काळी फिकट बिअर. नावात इंडिया, जन्म अमेरिकेतला. जाणकारांनाही हे इतकं खटकलं की त्यांनी 'कॅस्केडियन डार्क एल', 'अमेरिकन ब्लॅक एल' अशी दुसरी नावं सुचवून पाहिली. ती फारशी रुजली नाहीत. लोक काळ्या बिअरला फिकट म्हणत राहिले आणि कोणाचं काही अडलं नाही.

बिअरचे प्रकार समजून घ्यायचे तर सुरुवात या घोळापासूनच करावी असं मला वाटतं. बिअरचा प्रकार हे आडनावासारखं असतं. ते पिढ्यानपिढ्या तेच राहतं, घरातली माणसं बदलत जातात. आज 'स्टाउट', 'माइल्ड' किंवा 'आयपीए' (म्हणजे इंडिया पेल एल) लिहिलेल्या बाटलीत जे असतं, ते दोनशे वर्षांपूर्वी त्याच नावाने विकलं जाणाऱ्या पेयाशी क्वचितच जुळेल. हे बदल कशाने झाले हे शोधायला गेलं की हाती चवीच्या गप्पा कमी लागतात. पाणी, कोळसा, कर आणि यंत्रं जास्त लागतात.

आधी सामान

पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट. बहुतेक बिअर एवढ्यावर होते. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड पुरते वाढायच्या आत ते भट्टीत वाळवतात. हे झालं माल्ट. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात जी पिष्ट फोडून त्याची साखर करतात. वाळवल्याने दाण्याची वाढ थांबते, पण विकरं शाबूत राहतात. पुढे माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवलं की ती कामाला लागतात आणि गोड काढा मिळतो. तो हॉप्स घालून उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि बदल्यात अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देतं.

बिअरचा रंग जवळजवळ सगळा माल्टचा. हलकं वाळवलेलं माल्ट सोनेरी बिअर देतं, जास्त भाजलेलं तांबूस आणि करपेपर्यंत भाजलेलं काळी. काळं माल्ट मूठभर घातलं तरी सगळी बिअर काळी होते. म्हणून रंगावरून कडकपणा ठरवू नये. काळीकुट्ट ड्राफ्ट गिनेस सुमारे ४.२ टक्के अल्कोहोलची असते, तर सोनेरी दिसणारी बेल्जियमची डुव्हेल ८.५ टक्क्यांची.

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. ती बराच वेळ उकळली की त्यांतली अल्फा आम्लं बदलून कडूपणा येतो, पण तेवढ्या वेळात सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून उकळीच्या सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणासाठी आणि शेवटी किंवा थंड बिअरमध्ये घातलेले वासासाठी. हे एवढं ध्यानात राहू द्या, पुढे लागेल.

राहिलं यीस्ट. बिअरची दोन मोठी घराणी यावर ठरतात: एल आणि लागर. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करतं, लवकर उरकतं आणि जाताना फळांसारखे, कधी मसाल्यासारखे वास मागे ठेवतं. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, त्यात ना केळं असतं ना लवंग. ते यीस्टचंच काम. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांच्या थंडीत हळूहळू काम करतं आणि नंतर बिअर कित्येक आठवडे गारठ्यात ठेवावी लागते. 'लागर्न' या जर्मन शब्दाचा अर्थच साठवणं. या बिअरची चव स्वच्छ असते, वासाची गर्दी नसते.

हे लागर यीस्ट संकरित आहे. त्याचे एक पूर्वज म्हणजे एलचं यीस्ट. दुसरे कोण, हे कोडं २०११ पर्यंत सुटलं नव्हतं. त्या वर्षी थंडीला सरावलेलं हे रानटी यीस्ट सापडलं, तेही दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियातल्या झाडांवरच्या गाठींमध्ये. पुढे ते तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही मिळालं. जगात सर्वाधिक प्यायल्या जाणाऱ्या बिअरचं अर्धं कूळ इतकी शतकं बेपत्ता होतं, याची मला अजूनही गंमत वाटते.

हमालांची बिअर

अठराव्या शतकातलं लंडन काळपट तपकिरी बिअर पीत असे. तिचं नाव पोर्टर, म्हणजे हमाल. गोदीत आणि रस्त्यांवर ओझी वाहणाऱ्यांची ती आवडती. १७२२ मध्ये रॅल्फ हारवुड नावाच्या माणसाने ती शोधली, अशी एक गोष्ट अनेक ठिकाणी छापलेली दिसते. त्या काळातला पुरावा मात्र तिला नाही. बिअरच्या इतिहासात 'अमक्याने एका दिवशी शोधली' अशी गोष्ट भेटली की जरा सावध व्हावं.

पोर्टर तपकिरी असण्याचं कारण इंधनात आहे. लाकडावर वाळवलेलं माल्ट स्वस्त पडे, पण त्याला धुराचा वास आणि करपटपणा असे. तो कमी व्हावा म्हणून बिअर महिनोन्‌महिने मोठ्या लाकडी टाक्यांमध्ये मुरवत. मुरताना लाकडातली रानटी यीस्ट तिला किंचित आंबूस, वारुणीसारखी चव देत. जितकी टाकी मोठी तितका खर्च कमी, म्हणून लंडनच्या कारखानदारांत टाक्यांच्या आकाराची चढाओढ लागली. १७ ऑक्टोबर १८१४ ला टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यूक्स आणि कंपनीच्या कारखान्यात बावीस फूट उंच टाकीचा लोखंडी पट्टा निसटला आणि टाकी फुटली. तिच्या लोंढ्याने शेजारच्या टाक्याही गेल्या. मागच्या दाटीच्या वस्तीत बिअर घुसून आठ माणसं मेली, सगळी बायका आणि मुलं. पंचांनी हा अपघात ठरवला. कारखान्याला वाया गेलेल्या बिअरवरचा करही परत मिळाला.

पोर्टरचं रूप बदललं ते एका साध्या उपकरणाने. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिअरवाल्यांच्या हाती आला आणि त्यांना कळलं की तपकिरी माल्टमधून साखर फारच कमी निघते. फिकट माल्ट महाग असलं तरी हिशेबात तेच परवडतं. झालं! बिअर फिकट माल्टची होऊ लागली. पण गिऱ्हाइकाला तर काळपट पोर्टर हवी. रंगासाठी जळकी साखर आणि कसकसली द्रव्यं घालायची वेळ आली आणि १८१६ मध्ये कायद्याने त्यांना बंदी केली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळं भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज स्टाउटमध्ये जो कॉफीसारखा करपट कडूपणा शोधला जातो तो या पिंपातून आलेला. त्याआधीच्या पोर्टरची चव वेगळी असणार. नाव मात्र बदललं नाही.

आणि स्टाउट? त्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'दमदार'. कुठलीही कडक बिअर स्टाउट, अगदी फिकट स्टाउटही असे. 'स्टाउट पोर्टर' म्हणजे कडक पोर्टर. हळूहळू मागचा शब्द गळला, विशेषणाचं नाम झालं. डब्लिनच्या गिनेस कारखान्याने, जिथे १७५९ मध्ये आर्थर गिनेसने वर्षाला ४५ पौंडांवर नऊ हजार वर्षांचा भाडेपट्टा केला होता, १७९९ मध्ये एल सोडून फक्त पोर्टर करायचं ठरवलं. त्याच कारखान्याने १९७४ मध्ये पोर्टर बंद केली, स्टाउट ठेवली. म्हणजे विशेषणाने नामाला घराबाहेर काढलं. (जाता जाता: संख्याशास्त्रातली टी-चाचणी याच कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटची. थोड्या नमुन्यांवरून विश्वासार्ह निष्कर्ष कसा काढायचा, ही त्याची कामावरची अडचण होती. १९०८ मध्ये त्याने ती 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली.)

पाण्याची मर्जी

लंडन आणि डब्लिनला काळी बिअर चांगली का व्हायची आणि फिकट का नाही? उत्तर नळाला, किंवा तेव्हाच्या हिशेबाने विहिरीला. तिथल्या पाण्यात कार्बोनेट जास्त, त्यामुळे ते अल्कधर्मी. माल्ट मुरवताना काढ्याचा पीएच साधारण ५.२ ते ५.६ असावा लागतो, नाहीतर विकरं नीट चालत नाहीत आणि तुरटपणा उतरतो. भाजलेलं माल्ट आम्लधर्मी असतं. ते अशा पाण्याचा तोल सांभाळतं. फिकट माल्टला ते जमत नाही. तेव्हा कोणालाही पीएच ठाऊक नव्हता. ती मोजपट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने मांडली, म्हणजे तीही बिअरच्याच घरातली. पण जिभेला कळत होतं की इथे काय जमतं आणि काय बिघडतं.

इंग्लंडच्या मध्यभागी ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावाचं पाणी याउलट. जमिनीतल्या जिप्समने त्यात सल्फेट भरपूर. सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि टोकदार लागतो. बर्टनवाले रशिया आणि बाल्टिककडे गोड, गडद, कडक एल पाठवत. १८२२ मध्ये रशियाने आयात कर वाढवले आणि तो बाजार बसला. त्याच सुमाराला सॅम्युअल ऑलसॉपने भारतात जाणारी फिकट एल बनवून पाहिली. हा धंदा तोवर लंडनच्या बो भागातल्या हॉजसन कारखान्याच्या हातात होता. हॉजसनची बिअर चांगली होतीच, शिवाय कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होता आणि कप्तानांना लांब मुदतीची उधारी मिळे. ऑलसॉपकडे हे काही नव्हतं. त्याच्याकडे पाणी होतं. बर्टनची एल जास्त फिकट आणि जास्त झणझणीत उतरली, आणि हॉजसनचा बाजार गेला.

आयपीएची लोकप्रिय गोष्ट अशी: समुद्रप्रवासात बिअर नासायची, म्हणून एकाने मुद्दाम कडक आणि कडू बिअर शोधली, तीच आयपीए. ऐकायला छान, पण तशी नाही. पोर्टरही भारतात जात होती, भरपूर जात होती आणि चांगली पोचत होती. फिकट, हॉप्सभरली साठवणीची एलही हॉजसनच्या आधीपासून इंग्लंडमध्ये होती. अल्कोहोलही त्या काळच्या मानाने फार नव्हतं. हॉप्स जास्त घातल्याने बिअर टिकते हे खरं, आणि उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बिअरमध्ये ते जास्त घालावेत असा सल्लाही होता. पण 'इंडिया पेल एल' हे नाव बिअर बरीच वर्षं तिकडे गेल्यावर पडलं. घरच्या बाजारातही ती खपू लागली आणि बर्टनचं नाव इतकं झालं की १८७६ मध्ये ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क बर्टनच्याच बास कंपनीचा लाल त्रिकोण ठरला. इतर गावचे लोक आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले. त्या क्रियेला आजही 'बर्टनायझेशन' म्हणतात.

मग पहिलं महायुद्ध आलं. धान्य वाचवायला ब्रिटिश सरकारने बिअर पातळ करायला लावली, कर वाढवले, आणि युद्ध संपल्यावर बिअर पूर्वीच्या ताकदीला परत आलीच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयपीए म्हणून विकल्या जाणाऱ्या काही इंग्लिश बिअर चार टक्क्यांच्याही खालच्या होत्या.

सोनेरी लाट

१८३८ मध्ये बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्सेन गावात लोकांनी नासलेल्या बिअरची ३६ पिंपं नगरपालिकेच्या इमारतीसमोर ओतून दिली. गावातल्या ज्या घरमालकांना बिअर करायचा हक्क होता, त्यांनी एकत्र येऊन नवा कारखाना बांधला आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा, स्वभावाने फटकळ म्हणून ओळखला जाणारा कारागीर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिली खेप घातली. चार गोष्टी एका ठिकाणी आल्या: बव्हेरियाची थंड पद्धत आणि तिथलं लागर यीस्ट, इंग्लिश धर्तीच्या भट्टीत वाळवलेलं फिकट माल्ट, झाटेत्स भागातले मंद सुगंधी हॉप्स आणि पिल्सेनचं जवळजवळ क्षार नसलेलं मऊ पाणी. बव्हेरियातली लागर तोवर गडद असे. ही निघाली सोनेरी, पारदर्शक, वर पांढरा फेस.

इंग्लिश भट्टीचं ज्ञान मध्य युरोपात पोचलं त्यात हेरगिरीचाही वाटा आहे. १८३३ मध्ये म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर हे दोघे तरुण ब्रिटनमधले कारखाने बघत हिंडले. यजमानांची पाठ वळली की आतून पोकळ केलेल्या काठीत आंबणारी बिअर भरून घ्यायची आणि खोलीवर जाऊन मोजमाप करायचं, असा त्यांचा उद्योग. दोघांनी परत जाऊन आपापल्या गावी लागरला नवं रूप दिलं.

तरी पिल्सेनची ही बिअर, म्हणजे पिल्सनर, गावापुरती राहिली असती. तिला जगभर नेलं ते रेल्वेने, स्वस्त झालेल्या काचेने आणि बर्फाच्या यंत्राने. धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात बिअर गढूळ आहे की नितळ, कोण बघतं? काचेच्या पेल्यात सोनेरी रंग स्वतःच जाहिरात करतो. लागरला गारवा लागतो, आणि तो डोंगरातल्या तळघरांत किंवा हिवाळ्यात तोडून साठवलेल्या नदीच्या बर्फातच मिळायचा. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने म्युनिकमधल्या झेडलमायरच्याच कारखान्यात आपलं शीतकरण यंत्र चालवून दाखवलं. घरात फ्रिज यायच्या कितीतरी आधी तो बिअरच्या कारखान्यात आला. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची रीत काढली, आणि कंपनीने ती गुपित न ठेवता इतरांनाही दिली. आता लागर कुठेही, कुठल्याही ऋतूत, दर वेळी सारखीच करता येऊ लागली.

या लाटेत भले भले रंग बदलून बसले. म्युनिकने १८९४ मध्ये आपली फिकट 'हेलेस' काढली. बेल्जियमच्या डुव्हेलनेही १९७० च्या सुमाराला गडद रंग टाकून सोनेरी रूप घेतलं. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये एके काळी तांबूस मेर्त्सेन मिळे. आज तिथे जी ओतली जाते ती फिकट सोनेरी.

सरकारही बिअर बनवतं

ही मेर्त्सेन म्हणजे 'मार्चची'. १५५३ मध्ये बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला बंदी झाली, कारण उन्हाळ्यातली बिअर बिघडायची. मग मार्चमध्ये जरा दमदार बिअर करून ती तळघरात उन्हाळाभर पुरवायची. फक्त थंडीत बिअर करायची सक्ती म्हणजे थंडीत जगणाऱ्या यीस्टची निवड. लागर बव्हेरियात रुजली त्यात या बंदीचा हात मोठा. त्याआधीचा १५१६ चा शुद्धतेचा कायदा जास्त प्रसिद्ध: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बस्स. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण ते काय आहे हे माहीत नव्हतं. या कायद्याकडे आज भक्तिभावाने पाहिलं जातं, पण त्यात बिअरचे दरही बांधून दिले होते, आणि गहू व राय पावासाठी राखायचे हाही एक हेतू मानतात. गव्हाच्या बिअरची सवलत नंतर राजघराण्याने स्वतःकडेच ठेवली आणि त्यावर बक्कळ कमावलं. शुद्धता प्रजेसाठी होती.

बेल्जियमच्या कडक बिअरमागेही एक कायदा आहे. १९१९ मध्ये तिथे दारूच्या गुत्त्यांत स्पिरिटची विक्री बंद झाली, आणि कडक काहीतरी हवं असणाऱ्यांसाठी कडक बिअरला बाजार मिळाला. वेस्टमाल मठाची सोनेरी ट्रिपेल, जिच्यावरून तो अख्खा प्रकार ओळखला जातो, ती १९३४ ची. कराच्या खेळाचा कळस मात्र जपानमध्ये. तिथे बिअरवर कर माल्टच्या प्रमाणानुसार लागे. कंपन्यांनी माल्ट कमी केलं आणि १९९० च्या दशकात 'हाप्पोशू' हा प्रकार आला. सरकारने त्यावर कर वाढवला. कंपन्यांनी माल्ट आणखी कमी केलं. पुन्हा कर वाढला. मग मटारातल्या प्रथिनांपासून, माल्टचा दाणाही न घालता, बिअरसारखं लागणारं पेय आलं आणि लोक त्याला 'तिसरी बिअर' म्हणू लागले. शेवटी २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांचे कर टप्प्याटप्प्याने एका पातळीवर आणायचं ठरलं.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्याआधी तिथे जर्मन स्थलांतरितांनी आणलेली लागर होती; स्थानिक जवात प्रथिनं जास्त म्हणून तिच्यात मका किंवा तांदूळ घालत. बंदी उठल्यावर मोजके मोठे कारखाने तगले आणि एकमेकांना गिळत गेले. १९७५ मध्ये मिलर लाइट देशभर आली, आणि आधीच हलकी असलेली बिअर आणखी हलकी झाली. १९७० च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या देशात शंभरही बिअर कारखाने उरले नव्हते. ब्रिटनमध्येही बेचव, वायू भरलेल्या पिंपातल्या बिअरने जुन्या एलची जागा घेतली, तिच्याविरुद्ध १९७१ मध्ये ग्राहकांची चळवळ उभी राहिली.

यादी कोणी केली?

बिअरचे 'प्रकार' मोजायची सवय फार जुनी नाही. मायकेल जॅक्सन नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने (गायकाशी संबंध नाही) १९७७ मध्ये जगभरच्या बिअरवर पुस्तक लिहिलं आणि त्यांची प्रकारवार मांडणी केली. ज्या बिअर एखाद्या गावापुरत्या उरल्या होत्या त्यांना नाव-गाव मिळालं. नेमकं त्याच वेळी, १९७८ मध्ये, अमेरिकेने घरी बिअर करायला संघीय कायद्याने परवानगी दिली. हौशी लोकांच्या हाती यादी आली आणि पातेलीही. स्पर्धा सुरू झाल्या. स्पर्धेला परीक्षक लागतात, परीक्षकांना निकष लागतात. म्हणून प्रत्येक प्रकाराचा रंग, कडूपणा, अल्कोहोल आकड्यांत बांधला गेला. याने बरीच वाचवावाचवी झाली हे मान्य. पण सतत वाहत आलेल्या गोष्टीचा एका क्षणाचा फोटो काढून त्यालाच मूळ रूप मानायची खोडही तिथूनच लागली.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. १९७२ मध्ये ओरेगनमधून 'कॅस्केड' ही हॉप्सची नवी जात बाहेर आली. तिला ग्रेपफ्रूटसारखा वास होता. युरोपीय हॉप्सच्या मंद वासाला सरावलेल्यांना तो भडक वाटे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये आणि सिएरा नेवाडाने १९८० पासून तो मनसोक्त वापरला. पाहता पाहता अमेरिकी आयपीए उभी राहिली: नाव बर्टनचं, वास ओरेगनचा. मग कडूपणाची शर्यत, दुप्पट हॉप्सची 'डबल आयपीए', आणि जीभ बधिर होईस्तोवर एकमेकांना आव्हानं. मला तो काळ थोडा पोरकट वाटतो.

त्यावरची प्रतिक्रिया व्हरमाँट राज्यातून आली. तिथे 'हेडी टॉपर' ही मुद्दाम न गाळलेली, गढूळ आयपीए निघाली आणि २०११ पासून डब्यात मिळू लागली. या घराण्याच्या बिअरमध्ये उकळताना हॉप्स कमी घालतात, आंबवताना आणि नंतर ढिगाने. म्हणजे कडूपणा कमी, आंबा-संत्र्यासारखा वास जास्त. ओट आणि गव्हामुळे ती दाट लागते. आणि पाणी? त्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त ठेवतात, म्हणजे बर्टनच्या बरोबर उलट. नितळ, कोरडी, कडू ही आयपीएची तिन्ही लक्षणं कमीजास्त निसटली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या बिअर स्पर्धेने गढूळ आयपीएला स्वतंत्र वर्ग दिला आणि त्या वर्षी सर्वाधिक प्रवेशिका त्यातच आल्या.

एवढा गाजावाजा होऊनही जगात सर्वाधिक खपते ती फिकट लागरच. विक्रीत जगात पहिला आलेला ब्रँड चीनचा 'स्नो', तीही फिकट लागर. आयपीएबद्दल लिहिलं जास्त जातं, पिल्सनरची नातवंडं प्यायली जास्त जातात.

मेलेले प्रकार उठून बसतात हे मात्र खास आमच्या काळातलं. बेल्जियमच्या हूगार्डेन गावातली शेवटची जुनी गव्हाची बिअर १९५० च्या दशकात बंद पडली होती. तिथे काम केलेल्या पिएर सेलिस या दूधवाल्याने ती १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली. लाइपझिगची गोझे, मीठ आणि धणे घातलेली आंबट बिअर, १९६६ मध्येच संपली आणि १९८० च्या दशकात परतली. आता अमेरिकेत तिच्यात पॅशनफ्रूटपासून काकडीपर्यंत काहीही घालतात. पोलंडच्या ग्रोजिस्क गावची बिअर ओकच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाची, जेमतेम तीन टक्क्यांची आणि शॅम्पेनसारखी फसफसणारी. तिथला कारखाना १९९३ मध्ये बंद झाला. पुढची बरीच वर्षं ही बिअर कारखान्यांत जवळजवळ नव्हती. ती होती हौशी लोकांच्या घरात, जुन्या कागदांत आणि जपून ठेवलेल्या यीस्टमध्ये. पोलिश हौशी मंडळींनी ते यीस्ट तपासून त्यातलं नीट चालणारं निवडलं, जुन्या कामगारांना गाठून चव ताडून घेतली. २०१५ मध्ये ग्रोजिस्कच्या जुन्या कारखान्यात पुन्हा भट्टी पेटली.